नाव, गाव, रक्कम

आमच्या दिंडीची वही गेली चार वर्षे माझ्याकडे आहे. लांबट आकाराची, लाल कापडी पुठ्ठ्याची वही. पहिल्या पानावर हळदीकुंकवाची बोटे, त्याखाली 'श्री', आणि पुढच्या पानापासून पट्टीने आखलेले तीन रकाने : नाव, गाव, भिशी म्हणजे वारीच्या खर्चाची वर्गणी. बँकेत एकतीस वर्षे काढलेला माणूस दिंडीत आला म्हटल्यावर हिशेब त्याच्याच गळ्यात पडणार, हे उघड होते. वारी खरे तर आईची. मी तिच्या मागे, निवृत्तीनंतर, तिची पताका उचलल्यासारखा जाऊ लागलो. गुडघे साथ देत नाहीत म्हणून सगळी वाट चालत नाही. कऱ्हाडहून एसटीने लोणंदला जातो, माउलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात आली की दिंडीत मिसळतो आणि तरडगावमार्गे फलटणपर्यंत चालतो. भिशीची वसुली गावातच, निघण्याआधी झालेली असते. वाटेत खर्च लिहायचा, गॅस, भाजी, पाण्याचे टँकर, ट्रकवाल्याची उचल, आणि रात्री राहुटीत बॅटरीच्या उजेडात बेरीज जुळवायची.

याच तीन रकान्यांची एक फार जुनी वही मी कोलकात्यात पाहिली. ती दगडाची आहे.

नोकरीतली शेवटची प्रवास-रजा आम्ही पूर्वेकडे काढली होती. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये भरहुतच्या स्तूपाचा कठडा उभा केलेला आहे. भरहुत हे मध्य प्रदेशात सतन्याजवळचे गाव. अलेक्झांडर कनिंगहॅम तिथे 1873 मध्ये पोहोचला, तोवर गावकऱ्यांनी स्तूपाच्या विटा आणि दगड घरे बांधायला नेले होते. जे उरले ते कोलकात्याला आणले गेले. लालसर वालुकाश्माचे खांब, त्यांवर जातककथा, हत्ती, यक्षिणी, आणि खांबाखांबावर ब्राह्मी लिपीतल्या लहान लहान ओळी. मला ब्राह्मी वाचता येत नाही. मी शिल्पे पाहत फिरलो, त्या ओळींकडे नक्षीच्या कडेइतकेच लक्ष दिले. त्यांतल्या एका ओळीत आपल्या गावाचे नाव आहे, हे परत आल्यावर एका लेखसंग्रहात वाचले, आणि तिच्यासमोरून हात न जोडता निघून आलो याची चुटपुट आजही आहे. ओळ अशी : 'करहकट निगमस दान'. करहकट म्हणजे कऱ्हाड, असे अभ्यासक मानतात. निगम म्हणजे व्यापारी पेठ. कऱ्हाडच्या पेठेचे दान, एवढेच. कोणा एकाचे नाव नाही. पेठेने वर्गणी काढली असावी आणि ती हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या एका स्तूपाच्या कामाला लागली.

त्या कठड्यावर अशा शंभराहून अधिक दाननोंदी आहेत आणि त्यांत कऱ्हाडच्या शेजारी कोण कोण बसले आहे, ते पाहण्यासारखे आहे. विदिशेच्या रेवतिमित्राची बायको चापदेवा, तिने पहिला खांब दिला. नाशिकच्या वसुकाची बायको गोरखिता, तिचाही एक खांब. पाटलिपुत्राची नागसेना. भिक्षू आहेत, भिक्षुणी आहेत, गावोगावचे गृहस्थ आहेत. पूर्वेच्या तोरणावर धनभूती नावाच्या एका राजाचे नाव आहे आणि 'शुंगांच्या राज्यात' असा उल्लेख आहे; बाकी बहुतेक सारी साधी माणसे. नाव, गाव, काय दिले.

आता काळ पाहा. अशोकाच्या आज्ञा कोकणात सोपाऱ्यापर्यंत कोरल्या गेल्या होत्या. म्हणजे मौर्यांची सत्ता आपल्या पश्चिम किनाऱ्याला टेकली होती. अशोक इसवी सनपूर्व 232 च्या सुमारास गेला आणि त्यानंतर पन्नास वर्षांच्या आतच, इसवी सनपूर्व 185 च्या आसपास, शेवटचा मौर्य राजा बृहद्रथ याला त्याच्याच सेनापतीने, पुष्यमित्र शुंगाने, मारले. भरहुतचा कठडा या पडझडीच्या नंतरचा आहे. पाटलिपुत्र, विदिशा, नाशिक आणि कऱ्हाड यांना एका छत्राखाली ठेवणारे राज्य उरले नव्हते. तरीही ही गावे एका यादीत एकत्र आहेत, आणि ही यादी कोणा अधिकाऱ्याने कर वसुलीसाठी केलेली नाही.

कऱ्हाडहून दक्षिणेकडे पाहिले की आगाशिवाचा डोंगर दिसतो. जखिणवाडीच्या बाजूने चढून गेलो की कातळात खोदलेली साठांहून अधिक लेणी लागतात. वेरूळ-अजिंठा पाहून आलेल्या माणसाला ती ओकीबोकी वाटतात, हे खरे. चित्रे नाहीत, मोठी शिल्पे नाहीत. एका खोलीत मी पाऊस थांबेपर्यंत बसलो होतो. भिंतीला लागून कातळातच सोडलेला एक ओटा, एका माणसाला पाय मुडपून झोपता येईल एवढा, आणि त्याच्या कडेला इतक्या वर्षांच्या वापराने आलेला गुळगुळीतपणा. दारातून खाली कृष्णा-कोयनेचे खोरे आणि पलीकडे कुंभार्ली घाटाकडे जाणारी वाट. कोकणातल्या बंदरांवरून माल वर येण्याची ती दिशा. त्या ओट्यावर बसून करहकटाची ओळ मनात घोळवली, तेव्हा ती फार दूरची वाटेना. वाटेवर व्यापारी, वाटेच्या कडेला विहार, विहारातून विहारात चालत जाणारे भिक्षू. राजा कोण आहे याची चौकशी न करता निरोप आणि वर्गणी पुढे सरकायला एवढी साखळी पुरेशी असावी.

'साम्राज्ये कोसळली तेव्हा धर्माने समाज एकत्र ठेवला' हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की त्याचा अर्थ विचारायचे राहून जाते. एकत्र ठेवला म्हणजे नेमके काय केले? सगळ्यांची श्रद्धा एक होती म्हणून ते एकत्र राहिले, हे उत्तर मला पटत नाही. एकाच देवाला मानणाऱ्या भावकीतली जमिनीची भांडणे मी कर्जवाटपाच्या टेबलावर खूप पाहिली आहेत. माझ्या हिशेबी डोक्याला दिसते ते असे, की राज्य जाते तेव्हा त्याची काही रोजची कामे अनाथ होतात. धान्याचे कोठार कोण सांभाळणार, माप खरे की खोटे हे कोण ठरवणार, परगावच्या माणसाला कोणाच्या ओळखीवर ओसरी मिळणार, आणि नाव, गाव, रक्कम यांची वही कोणाच्या हाती राहणार. जिथे ही कामे धर्मसंस्थेने अंगावर घेतली तिथे ती टिकली आणि माणसेही तिच्याभोवती टिकली.

याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण रोमचे आहे. पश्चिमेचे रोमन साम्राज्य 476 मध्ये संपले असे शाळेत शिकवतात; त्या साली ओडोएकर या सेनानीने रोम्युलस ऑगस्ट्युलस नावाच्या पोरसवदा सम्राटाला पदावरून काढले. पण रोम शहराची दशा त्याआधीपासूनच सुरू झाली होती आणि नंतरही संपली नव्हती. 410 मध्ये गॉथ लोकांनी ते लुटले, 455 मध्ये व्हँडलांनी लुटले, सहाव्या शतकात पूर्वेच्या सम्राटाने इटली परत मिळवण्यासाठी वीस वर्षे युद्ध केले आणि त्यात उरलेसुरले शहर भरडून निघाले, आणि 568 मध्ये उत्तरेकडून लोम्बार्ड उतरले. ज्या शहराला इजिप्त आणि आफ्रिकेतून धान्याची जहाजे येत आणि सरकार नागरिकांना फुकट धान्य वाटत असे, त्या शहराला आता कोणी वाली नव्हता.

589 मध्ये टायबर नदीला पूर आला, पाठोपाठ प्लेगची साथ आली, तिच्यात खुद्द पोप दगावला आणि 590 मध्ये त्याच्या जागी ग्रेगरी आला. हा माणूस मला फार जवळचा वाटतो, कारण तो आधी रोमचा नगरप्रमुख होता. मुलकी कारभार करून विटलेला, मग घराचा मठ करून संन्यास घेतलेला, आणि शेवटी पुन्हा कारभारातच ओढला गेलेला. चर्चच्या सिसिलीत मोठ्या जमिनी होत्या. तिथल्या व्यवस्थापकाला त्याने लिहिलेली पत्रे शिल्लक आहेत आणि त्यांत मोक्षाच्या बरोबरीने मापाची चर्चा आहे : कुळांकडून धान्य घेताना 18 सेक्स्टारियसांहून मोठे मोडियस वापरू नये, असे तो बजावतो. म्हणजे पायली फुगवून कुळाला नाडू नका. आपल्याकडच्या कुठल्याही बाजारपेठेत ऐकू येईल अशी ही ताकीद आहे. ते धान्य रोमला येई आणि वाटले जाई. वाटपाची एक भली थोरली वही पोपच्या लॅटरन महालात ठेवलेली होती, असे नवव्या शतकातला त्याचा चरित्रकार योहान सांगतो. तिच्यात स्त्रिया आणि पुरुष, त्यांची वये, त्यांचे व्यवसाय, रोममधले, आसपासच्या गावांतले, अगदी दूरच्या किनाऱ्यावरचे लोक, आणि कोणाला किती दिले ते लिहिलेले होते. हे वाचताना माझी लाल वही मला आठवली नसती तरच नवल.

आणखी एक गोष्ट तर जवळजवळ आपलीच वाटते. प्लेगच्या त्या दिवसांत ग्रेगरीने रोममध्ये एक मोठी प्रार्थनायात्रा काढली. शहरातल्या सात चर्चांतून सात जथे निघायचे होते : पुरोहितांचा एक, मठवासी साधूंचा एक, साध्वींचा एक, मुलांचा, पुरुषांचा, विधवांचा आणि सवाष्णींचा एक. कोणी कुठून निघायचे हे आधी ठरलेले, आणि सगळ्यांनी मिळायचे ते सान्ता मारिया माज्जोरे या चर्चपाशी. चालता चालता तासाभरात ऐंशी माणसे कोसळून मेली, असे त्याच काळातला दुसरा एक ग्रेगरी, तूरचा बिशप, लिहून ठेवतो. यात्रेने प्लेग थांबतो असे मला वाटत नाही. उलट गर्दीने तो वाढलाच असेल. पण ज्या शहराला पुरेशी सेना नव्हती, सम्राट दूर पूर्वेला होता आणि सिनेट नावापुरतीच उरली होती, त्या शहरातल्या प्रत्येक माणसाला त्या सकाळी आपली जागा कोणत्या रांगेत आहे हे ठाऊक होते.

ग्रेगरीच्या थडग्यावरच्या लेखात त्याला 'देवाचा कॉन्सल' म्हटले आहे. कॉन्सल हे रोमन प्रजासत्ताकातले सर्वोच्च मुलकी पद. त्याचप्रमाणे 'डायोसिस' हा शब्द, जो आपल्याकडचे ख्रिस्ती लोक आजही बिशपच्या कार्यक्षेत्रासाठी वापरतात, तो मुळात डायोक्लेशन सम्राटाच्या कारभारातला विभाग होता. साम्राज्य गेले, तालुक्या-जिल्ह्यांची नावे चर्चच्या दप्तरात राहिली.

अर्थात धर्म एकच असला तरी सगळे एकत्र येतातच, असे नाही, आणि हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरोबर होणार नाही. इटलीवर राज्य करणारे गॉथही ख्रिस्तीच होते, पण एरियन पंथाचे. राव्हेन्ना शहरात पाचव्या-सहाव्या शतकातल्या दोन बाप्तिस्मा-वास्तू आजही उभ्या आहेत, एक एरियनांची आणि एक त्यांच्या विरोधकांची. एकीतून दुसरीकडे पायी सहज जाता येते. दोन्हींच्या घुमटात येशू त्याच नदीत तसाच उभा आहे. माणसे मात्र एकमेकांच्या पाण्याला शिवत नव्हती.

चीनची गोष्ट मी थोडक्यात सांगतो, कारण तिथल्या नावांवर माझी जीभ वळत नाही. हान घराण्याचे साम्राज्य 220 मध्ये संपले आणि पुढची साडेतीन शतके, मधला थोडा काळ सोडला तर, देश फुटलेलाच राहिला. उत्तरेत परकी टोळ्यांची राज्ये, दक्षिणेत पळून गेलेले जुने दरबार, आणि दोन्हीकडे सारखाच पसरत गेलेला बौद्ध धर्म. उत्तरेच्या वेई राज्यात एका राजाने 446 मध्ये याच धर्मावर बंदी घालून मठ पाडले होते. तो मेल्यावर मठ पुन्हा उभे राहिले, आणि पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात तान-याओ नावाच्या भिक्षूने एक योजना मांडली. काही कुटुंबे संघाच्या नावे नोंदवायची, प्रत्येक कुटुंबाने वर्षाला 60 हू (हे तिथले माप) धान्य संघाच्या कोठारात भरायचे, आणि दुष्काळ पडला की त्या कोठारातून लोकांना द्यायचे. योजना चालली. मग 511 सालच्या राजाज्ञेत तक्रार दिसते, की कोठारातले धान्य कर्जाऊ दिले जाते, वसुली करताना पूर आहे की दुष्काळ हे पाहिले जात नाही, आणि व्याज मुद्दलापेक्षा वाढते. बँकेतल्या माणसाला हे वाक्य वाचून हसू येते आणि लगेच थांबते. कोठार कोणत्याही देवाचे असो, किल्ली ज्याच्या कमरेला असते त्याच्यावर नजर ठेवावीच लागते.

पुढे 589 मध्ये सुई घराण्याच्या वेन सम्राटाने देश पुन्हा एक केला, आणि 601 मध्ये त्याने तीस प्रांतांत बुद्धाचे अवशेष पाठवून ते सगळीकडे एकाच दिवशी, एकाच वेळी, भर दुपारी स्तूपांत ठेववले. ही कल्पना अशोकाच्या कथेवरून घेतलेली होती. अशोकाने एका दिवसात 84,000 स्तूप उभे केले अशी ती कथा आहे. म्हणजे पाटलिपुत्राच्या सम्राटाची आठवण, त्याचे राज्य मोडून आठशे वर्षे होत आली असताना, दुसऱ्याच देशातले राज्य सांधायला उपयोगी पडली.

चौऱ्याऐंशी म्हटले की मराठी माणसाला पंढरपूर आठवते. विठ्ठलाच्या देवळात 'चौऱ्याऐंशीचा लेख' म्हणून ओळखला जाणारा शिलालेख आहे, आणि त्याला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी समजूत आहे. लहानपणी आईने मलाही त्याला पाठ लावायला लावली होती; माझा शर्ट मळला एवढे आठवते. त्या दगडावर काय लिहिले आहे हे तिला माहीत नव्हते आणि मलाही पुष्कळ वर्षे नव्हते. ती देणगीदारांची यादी आहे. शके 1195 ते 1199 म्हणजे इसवी सन 1273 ते 1277 या काळात देवळाला कोणी काय दिले, याची. तिच्यात देवगिरीचा यादव राजा रामचंद्र आहे, त्याचा प्रधान हेमाद्री आहे, आणि त्यांच्यासोबत इतर पुष्कळ लोक आहेत. राजा इथे इतर देणगीदारांच्या रांगेत उभा आहे. वीस वर्षांनी, 1296 मध्ये, अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि 1318 पर्यंत यादवांचे राज्य पुरते संपले. राजाची मूळ दप्तरे गेली. दगडावरची वर्गणीची यादी राहिली आणि लोक तिला पाठ घासत राहिले.

त्या पडझडीत पंढरीची वाट बंद पडली नाही, याचे श्रेय ज्यांना द्यायचे त्यांत नामदेव पहिले. 1270 मध्ये जन्मलेले, 1350 पर्यंत जगलेले. म्हणजे त्यांच्या डोळ्यांदेखत एक राज्य गेले आणि एक सुलतानी आली. त्यांच्यासोबत जी मांदियाळी होती ती कुंभार, माळी, सोनार, न्हावी, दासी अशी होती. राज्य कोणाचेही आले तरी ज्यांची कामे चुकत नाहीत असे हे लोक. नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले आणि त्यांची 61 पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत.

पण याच मांदियाळीत चोखोबा होते आणि त्यांची जागा देवळाच्या बाहेर होती. 1338 मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि तिच्याखाली ते गेले. वेठीच्या कामाला धरून नेलेला माणूस, ज्याचे अभंग गावातला जो तो गात होता. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरात आणून महाद्वारासमोर ठेवल्या, असे परंपरा सांगते. समोर, आत नव्हे. ते दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण करावे लागले, म्हणजे सहा शतके आणि वर काही वर्षे. धर्म एकत्र आणतो हे वाक्य मी कोणाला ऐकवतो तेव्हा हा आकडाही सोबत सांगतो. वहीत नाव असणे आणि पंगतीत पान असणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. सातारा तालुक्यात आरफळ नावाचे गाव आहे. तिथले हैबतराव पवार ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार होते. घरी परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना अडवून कोंडले, कोठडीत त्यांनी हरिपाठ चालू ठेवला आणि सुटका झाली, तेव्हा ते घरी न जाता आळंदीला राहिले, अशी कथा आमच्याकडे कीर्तनांत सांगतात. कथा असो. ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुका त्याआधी तुकोबांच्या पालखीबरोबर पंढरीला जात. तो एकत्र सोहळा तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 मध्ये सुरू केलेला. हैबतबाबांनी 1832 च्या सुमारास माउलींची पालखी स्वतंत्र केली आणि तिला आजची शिस्त दिली.

वर्ष लक्षात घ्या. 1818 मध्ये पेशवाई बुडाली होती. पुण्यात कंपनीचा कलेक्टर बसला होता. 1819 च्या तहाने साताऱ्याच्या छत्रपतींना जो मुलूख मिळाला त्याची उत्तरेची हद्द नीरा नदी, फलटणचे नाईक निंबाळकर त्यांचे मांडलिक, खाली सांगली, मिरज, जमखंडी अशी पटवर्धनांची वेगवेगळी संस्थाने, पूर्वेला निजाम. तोपर्यंत एका जरीपटक्याखाली मोहिमेवर जाणारी माणसे आता एकमेकांच्या हद्दीत परकी झाली होती. अशा वेळी शिंद्यांच्या फौजेत वाढलेल्या एका माणसाने जो सोहळा बांधला, त्याचे शब्दच पाहा : मुक्काम म्हणजे तळ, पुढे नगारा, तुतारी, चोपदार, रथापुढे क्रमांकाने चालणाऱ्या 27 दिंड्या आणि रथामागे त्याहून कितीतरी अधिक. अंकलीच्या शितोळे सरदारांकडून दोन अश्व दर वर्षी मिरज-सांगलीच्या वाटेने सातारा जिल्ह्यातून आळंदीला चालत येतात. एकावर माउली बसतात म्हणून तो मोकळा असतो, दुसऱ्यावर स्वार असतो आणि त्याच्या हाती जरीपटका. तोफा गेल्या, जहागिरी गेल्या, कूच करण्याची पद्धत मात्र राहिली, आणि ती आता शेतकऱ्यांच्या पायांत आली. ज्या फौजांचा तळ पडला की शेतकरी कणगी पुरून ठेवत असत, त्यांच्याच शिस्तीने चालणाऱ्या माणसांना आता गाव भाकरी घेऊन सामोरे येऊ लागले, हा बदल मला फार मोठा वाटतो. हैबतबाबांची समाधी आळंदीला महाद्वाराची पहिली पायरी आहे. पालखी निघण्याआधी त्या पायरीची पूजा होते.

श्रद्धेविषयी मी इथे काही बोललो नाही. मला ती कमी आहे, आईला पुष्कळ होती, आणि वही दोघांनीही सांभाळली असती.

गेल्या वर्षीची तरडगावची संध्याकाळ सांगतो. चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण झाले, घोड्याच्या टापांखालची माती कपाळाला लागली आणि सगळे तळावर पोहोचले. आमच्या राहुट्यांकडे पाण्याचा टँकर आलाच नव्हता. सकाळी पैसे दिलेले, वहीत लिहिलेले, टँकरवाला म्हणतो खाली करून आलो. चौकशी केली तेव्हा कळले, की शेजारच्या एका दिंडीने तो आपला समजून रिकामा करून घेतला. बायका तापलेल्या, स्वयंपाक अडलेला. आमच्यातली दोन पोरे तिकडे निघालीच होती, तेव्हा दिंडीची वीणा धरणारे विणेकरी म्हणाले, "पोरांनो, थांबा. टाळ हायती न्हवं?"

तळावर पालखी तंबूपाशी येते तेव्हा सगळ्या दिंड्या भोवती गोल उभ्या राहतात. हजारो टाळ एका लयीत चाललेले असतात, छातीच्या फासळ्यांत ते ऐकू येतात. मग चोपदार चांदीचा दंड वर उचलतात आणि एका क्षणात सगळे थांबते. इतक्या मोठ्या जमावातली ती शांतता ज्याने अनुभवली नाही त्याला ती सांगून कळणार नाही. त्या शांततेत ज्या दिंडीचे टाळ वाजत राहतात, तिची तक्रार आहे, असे समजायचे. तशी रीतच आहे. त्या दिवशी आमचे टाळ वाजत राहिले. अवघ्या तळावर आमच्याच पन्नाससाठ टाळांचा आवाज, आणि सगळ्यांच्या माना आमच्याकडे. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले, पण थांबायचे नव्हते. चोपदार गर्दीतून वाट काढत आले. विणेकऱ्यांनी दोन वाक्यांत सांगितले. त्यांनी मला विचारले, "माउली, पैसे किती वाजता दिले?" मी वही उघडून दाखवली. ते शेजारच्या दिंडीकडे गेले, तिथल्या प्रमुखांनी हात जोडले, चूक कबूल केली, आणि फलटणला पोहोचल्यावर त्यांचा पहिला टँकर आमच्याकडे लागेल, आता त्यांच्या पिंपांतले पाणी आमच्या चुलीपर्यंत त्यांचीच पोरे आणून देतील, असे ठरले. आमचे टाळ थांबले. मग हरवले-सापडले सांगितले गेले : एक चष्मा, एक पिशवी, खटावकडच्या एक म्हातारबाई ज्यांना दिंडीचा नंबर आठवत नव्हता पण गाव आठवत होते. उद्याची निघण्याची वेळ सांगितली. आरती झाली.

रात्री बेरीज करताना मी शेवटच्या पानावर लिहिले : फलटण, टँकर 1, त्यांच्याकडून येणे. विणेकरी शेजारी पाय चेपत बसले होते. ते वाकून पाहत म्हणाले, "काका, चोपदारांचा शबूद कुठं लिहित्यात व्हय?"

मी तारीख घातली आणि वही मिटली.